शून्य कुठे शोधायचे?
क्रमसापेक्ष बीजगणितातील एका प्रमेयाचे परीक्षण

नववीच्या वर्गात अवयव सिद्धान्त शिकवायला साधारण दोन तासिका पुरतात. बहुपदीत क्षच्या जागी अ ही संख्या घातली आणि किंमत शून्य आली, तर (क्ष − अ) हा त्या बहुपदीचा अवयव असतो. फळ्यावर चार उदाहरणे, गृहपाठाला सहा, आणि आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या छोट्याशा सिद्धान्तात केवढी गोष्ट सांगितली आहे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बहुपदीची किंमत कुठे शून्य होते हा अंकगणिताचा प्रश्न. ती कशाची बनलेली आहे, तिचे अवयव कोणते, हा तिच्या घडणीचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे मिळते, असे हा सिद्धान्त म्हणतो. म्हणजे दोन वेगळ्या काठांना जोडणारा हा पूल आहे.

हा पूल किती भार पेलतो हे पाहण्यात बीजगणितज्ञांची सव्वाशेहून अधिक वर्षे गेली आहेत. डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९३ मध्ये त्याचे अनेक चलांचे रूप सिद्ध केले. जर्मन भाषेत त्याला 'नलस्टेलेनझात्झ' म्हणतात. शब्दशः शून्यस्थानांचा सिद्धान्त. त्याच घराण्यातला एक अलीकडचा शोधनिबंध आम्ही येथे परीक्षणासाठी घेतला आहे. याका चिम्प्रिच, विल्यम हेल्टन, स्कॉट मॅक्कलो आणि ख्रिस्तोफर नेल्सन या चौघांचा हा निबंध २०१३ मध्ये 'प्रोसीडिंग्ज ऑफ द लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बीजगणितात क्ष·य आणि य·क्ष एक नसतात, तेथेही शून्यस्थानांवरून घडण ओळखता येते का, असा त्याचा विषय. निबंध उत्तम आहे हे आधीच सांगून टाकतो. पण 'शून्य' या शब्दाचा अर्थ त्यात ज्या रीतीने निवडला आहे, तिच्याविषयी काही प्रश्न विचारायला हवेत, आणि ते शाळेच्या बीजगणितापासूनच सुरू होतात.

'उकल नाही' म्हणजे काय?

क्ष² + १ = ० या समीकरणाला उकल नाही, असे आपण वर्गात सांगतो. काळजीपूर्वक सांगणारा शिक्षक 'वास्तव संख्यांमध्ये' हे दोन शब्द जोडतो. या दोन शब्दांत पुढची सगळी गोष्ट दडलेली आहे.

पुलाचा प्रश्न असा मांडू. प ही बहुपदी जिथे जिथे शून्य होते, तिथे तिथे फ ही बहुपदीही शून्य होते असे समजा. मग फ ही प-पासून बनलेली, म्हणजे प-च्या पटीतली असेल का? प = क्ष² + १ घेऊन पाहा. वास्तव संख्यांमध्ये ही कुठेच शून्य होत नाही. म्हणून 'प जिथे शून्य, तिथे फ शून्य' ही अट कोणतीही फ आपोआप पाळते, अगदी फ = १ सुद्धा. ज्या गावात वाघच नाही, त्या गावातले सगळे वाघ पांढरे आहेत असे म्हटले तर ते खोटे ठरत नाही, तसेच हे. पण १ ही काही क्ष² + १ च्या पटीतली बहुपदी नव्हे. पूल कोसळला.

हिल्बर्ट यांचा उपाय म्हणजे संख्या वाढवा. संमिश्र संख्या घेतल्या की क्ष² + १ ला दोन मुळे मिळतात आणि पूल पुन्हा उभा राहतो. थोडीशी सूट मात्र द्यावी लागते. प = क्ष² आणि फ = क्ष घेतले, तर दोन्ही शून्याशीच शून्य होतात, पण क्ष ही क्ष² च्या पटीत नाही; तिचा वर्ग आहे. तेव्हा 'फ-चा कोणता तरी घात' असे म्हणून भागवायचे.

येथे एक पारिभाषिक शब्द लागणार आहे. बहुपदींचा असा संच घ्या की त्यातल्या दोघींची बेरीज त्याच संचात राहते, आणि त्यातल्या एकीला बाहेरच्या कोणत्याही बहुपदीने गुणले तरी गुणाकार आतच येतो. सम संख्यांचा संच नेमका असा असतो: सम अधिक सम म्हणजे सम, आणि सम गुणिले काहीही म्हणजे सम. अशा संचाला 'आयडियल' म्हणतात. कुमर यांच्या 'आयडियल संख्यां'वरून डेडेकिंड यांनी १८७१ मध्ये हे नाव घेतले. त्याचे 'आदर्श' असे मराठी केले तर वाचकाला वर्गातला आदर्श विद्यार्थी आठवेल, म्हणून आम्ही आयडियल हाच शब्द ठेवतो.

दुसरा उपाय म्हणजे वास्तव संख्या सोडायच्याच नाहीत आणि डागडुजी बीजगणिताच्या बाजूने करायची. ही वाट क्रिव्हिन (१९६४), ड्युबॉइस (१९६९) आणि रिस्लेर (१९७०) यांनी घातली, आणि तिची गुरुकिल्ली प्रत्येक शिक्षकाच्या हातात आधीपासून आहे. '(क्ष − २)² + (य + ३)² = ० असेल तर क्ष आणि य काढा' हे उदाहरण आपण कितीदा घातले असेल! वर्ग ऋण नसतात, म्हणून बेरीज शून्य असेल तर प्रत्येक वर्ग शून्य. हेच वाक्य आयडियलला लावायचे: वर्गांची बेरीज आयडियलमध्ये असेल, तर वर्ग केलेली प्रत्येक बहुपदीही त्या आयडियलमध्ये असली पाहिजे. ही अट पाळणाऱ्या आयडियलला 'वास्तव आयडियल' म्हणतात. अशा आयडियलसाठी पूल पक्का आहे. त्याच्या सर्व वास्तव शून्यस्थानांवर जी बहुपदी शून्य होते, ती त्या आयडियलमध्ये असतेच. घाताची सूटही नको. क्ष² + १ चे काय? ती क्ष² + १² अशी दोन वर्गांची बेरीज आहे, म्हणून वास्तव आयडियलमध्ये तिच्याबरोबर १ ला यावे लागते, आणि १ आली की सगळ्याच बहुपदी येतात. एका काठावर 'एकही शून्य नाही', दुसऱ्या काठावर 'सर्व बहुपदी'. दोन्ही काठ जुळतात.

क्रम बदलला की

दूध तापवून, कोमट झाल्यावर विरजण लावले तर दही होते. विरजण लावून मग उकळले तर नासते. क्रियांचा क्रम सहसा बदलता येत नाही. बदलता येतो तेव्हाच ती बातमी असते. संख्यांच्या गुणाकाराला 'क्रमनिरपेक्ष' हे विशेषण आपण पाचवी-सहावीतच लावतो, पण क्रमसापेक्ष गुणाकार विद्यार्थ्याला भेटतो तो थेट मॅट्रिक्सच्या प्रकरणात. तेथे (अ + ब)² म्हणजे अ² + अ·ब + ब·अ + ब². मधली दोन पदे एकत्र करून २अब लिहिता येत नाही.

चौघांपैकी हेल्टन यांचा नियंत्रण-अभियांत्रिकीशी जुना संबंध आहे, आणि हा विषय तेथूनच वाढला. अभियंता यंत्राच्या स्थैर्याचे सूत्र लिहितो तेव्हा त्यातली अक्षरे मॅट्रिक्स असतात, आणि त्यांचा आकार सूत्रात लिहिलेला नसतो. लहान यंत्राला २×२ पुरेल, मोठ्याला खूप मोठी लागेल, सूत्र तेच. म्हणून अक्षरांच्या जागी कोणत्याही आकाराची मॅट्रिक्स घालता येईल अशी बहुपदी हवी. तिच्यात क्ष·य आणि य·क्ष ही वेगळी पदे धरायची.

अशा बहुपदीची शून्ये कुठे शोधायची? नुसत्या संख्यांत शोधून उपयोग नाही. क्ष·य − य·क्ष ही बहुपदी संख्यांच्या प्रत्येक जोडीवर शून्य होते, पण ती स्वतः शून्य बहुपदी नाही. २×२ मॅट्रिक्स घेतल्या तरी पुरत नाही. (क्ष·य − य·क्ष)² ही २×२ मॅट्रिक्ससाठी नेहमी एकक मॅट्रिक्सच्या पटीत येते, त्यामुळे ती तिसऱ्या कोणत्याही २×२ मॅट्रिक्सशी क्रमनिरपेक्ष असते. म्हणजे येथेही प्रत्येक ठिकाणी शून्य होणारी, पण स्वतः शून्य नसलेली बहुपदी मिळाली. आमित्सूर आणि लेवित्स्की यांनी १९५० मध्ये दाखवले की दर आकाराला अशी एक फसवी बहुपदी असते. न×न आकारासाठी तिची कोटी २न. तेव्हा कोणत्याही एका आकारावर थांबता येत नाही, सगळे आकार एकदम घ्यावे लागतात.

आता जुन्या ओळखीचे क्ष² + १ पुन्हा पाहू. पहिली ओळ ०, −१ आणि दुसरी ओळ १, ० अशी मॅट्रिक्स घ्या. ती प्रतलातल्या बिंदूला काटकोनातून फिरवते. दोनदा फिरवले की बिंदू नेमका उलट बाजूला जातो, म्हणजे तिचा वर्ग −१. उकल नसलेल्या समीकरणाला वास्तव संख्यांच्याच मॅट्रिक्समध्ये उकल मिळाली, काल्पनिक संख्येचे नावही न घेता. (अकरावीच्या विद्यार्थ्यांना हे आलेखपत्रावर करून दाखवावे, आमच्या अनुभवात काल्पनिक संख्येची भीती याने जेवढी जाते, तेवढी कशानेच जात नाही.) पण क्ष-वर 'ओळींचे स्तंभ केले तरी ती तीच राहिली पाहिजे' अशी अट घातली, तर ही मॅट्रिक्स बाद होते आणि उकल पुन्हा नाहीशी होते. एकच समीकरण, 'शून्य कुठे शोधायचे' याचे उत्तर बदलले की 'उकल आहे का' याचेही उत्तर बदलते.

दिशा असलेले शून्य

सगळे आकार घेतल्यावर तरी पूल उभा राहील, असे वाटेल. क्ष·य − य·क्ष − १ घेऊन पाहा. अ·ब आणि ब·अ या मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णांवरील संख्यांची बेरीज नेहमी सारखी येते. दोन ओळींत पडताळता येईल. म्हणून अ·ब − ब·अ ची कर्णबेरीज शून्य. पण न×न एकक मॅट्रिक्सची कर्णबेरीज न. दोन्ही समान होणे शक्य नाही. तेव्हा या बहुपदीला कोणत्याही आकारात शून्य नाही. आणि ही बहुपदी कोणी मुद्दाम रचलेली नाही. गुणक सोडला तर हा पुंजयामिकीतला स्थान आणि संवेग यांचा मूळ संबंध आहे. तो १९२५ मध्ये लिहिला गेला आणि गॉटिंगेनला माक्स बॉर्न यांच्या थडग्यावरही कोरलेला आहे.

यावरचा उपाय म्हणजे या निबंधाचा आत्मा आहे. मात्र तो लेखकांच्या आधीपासून चालत आलेला आहे. प(अ, ब) ही सबंध मॅट्रिक्स शून्य व्हावी असा आग्रह सोडायचा. मॅट्रिक्ससोबत एक सदिश व घ्यायचा, आणि प(अ, ब) ने त्या एका सदिशाला शून्य केले तरी ते शून्यस्थान मानायचे. अशा शून्याला जणू दिशा असते. अ ची पहिली ओळ ०, १ आणि दुसरी ओळ ०, ० घ्या. ब ची पहिली ओळ ०, ० आणि दुसरी १, ०. गुणाकार केल्यास अ·ब − ब·अ ही मॅट्रिक्स कर्णावर १ आणि −१, बाकी शून्य अशी येते. ती (१, ०) या सदिशाला जशीच्या तशी परत देते. म्हणजे त्या दिशेपुरती अ·ब − ब·अ − १ ची करणी शून्य. सबंध मॅट्रिक्सच्या रूपाने जे शून्य कोणत्याच आकारात सापडत नव्हते, ते दिशेसह २×२ मध्येच सापडले.

याची किंमत मोजावी लागते. प ने व ला शून्य केले, तर प-ला डावीकडून कशानेही गुणा, शून्य शून्यच राहील. पण उजवीकडून गुणले, तर आधी तो उजवीकडचा गुणक व ला दुसरीकडे वळवील, आणि मग प चा परिणाम काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून येथे फक्त 'डावे आयडियल' चालते. तेवढे मान्य केले, तर जॉर्ज बर्गमन यांचा सिद्धान्त सांगतो: जी बहुपदी दिलेल्या मोजक्या बहुपदींच्या सर्व सदिश शून्यस्थानांवर शून्य होते, ती त्यांच्या डाव्या आयडियलमध्ये असतेच. घाताची सूट नाही, नव्या संख्या नाहीत. हेल्टन आणि मॅक्कलो यांच्या २००४ च्या निबंधात तो दिलेला आहे.

येथे आमच्यातला परीक्षक जागा होतो. इतके सोपे कसे झाले? सिद्धता पाहिली की कळते. आयडियलमधल्या बहुपदींना शून्य मानून उरलेल्या बहुपदींचाच एक सदिश अवकाश करायचा. 'क्ष ने डावीकडून गुणणे' ही क्रिया म्हणजे क्ष ची मॅट्रिक्स. व म्हणून १ ही बहुपदी घ्यायची. मग प ने व वर जे केले ते म्हणजे प स्वतःच. आणि ती शून्य असणे म्हणजेच प आयडियलमध्ये असणे. ठराविक कोटीच्या पुढचा भाग कापला की मॅट्रिक्स सान्त होतात. सिद्धता सुंदर आहे, पण शून्यस्थान येथे शोधलेले नाही, आयडियलच्याच मातीतून घडवलेले आहे. पुलाचे दोन्ही काठ एकाच खडकाचे निघाले! प्रमेय सिद्ध व्हावे म्हणून शून्याची व्याख्या बेतली, असा आरोप कोणी केला तर बर्गमन यांच्या सिद्धान्तापुरता तो आम्हांला अगदीच निराधार वाटत नाही. गणितात असे बेतणे हा गुन्हा नव्हे. अवयव सिद्धान्तसुद्धा भागाकाराच्या रीतीतून जवळजवळ आपोआप येतो. पण किती मिळाले आणि किती आधीच खिशात होते, हे वाचकाला कळले पाहिजे.

चौघांचे खरे काम

चौघांच्या निबंधाचे मोल कळते ते येथे. त्यांच्या बहुपदींत क्ष बरोबर क्ष* हेही अक्षर असते, आणि क्ष च्या जागी अ घातली की क्ष* च्या जागी अ-च्या ओळींचे स्तंभ करून मिळणारी मॅट्रिक्स घालायलाच हवी. गुणाकाराला तारा लावला की क्रम उलटतो: (क्ष·य)* = य*·क्ष*. आता वरची घडवण्याची युक्ती आपोआप चालत नाही. ओळी-स्तंभांची अदलाबदल म्हणजे लांबी आणि कोन यांची भाषा. बहुपदींपासून बनवलेल्या त्या अवकाशात लांबी कशी मोजायची? आणि मोजलेल्या लांबीचा वर्ग ऋण आला तर?

परीक्षेतले ते उदाहरण येथे मदतीला येते. त ही बहुपदी असेल, तर त*·त ही वर्गाची जागा घेते: अ आणि व घातल्यावर ती त(अ)व या सदिशाच्या लांबीचा वर्ग देते, आणि तो ऋण नसतो. समजा प आणि फ आयडियलमधल्या आहेत, आणि त*·त + थ*·थ = प + फ* असे निघाले. आयडियलच्या कोणत्याही शून्यस्थानी (अ, व) उजवी बाजू व ने दोन्हीकडून गुणली की शून्य येते, कारण प(अ)व आणि फ(अ)व दोन्ही शून्य आहेत. म्हणून डाव्या बाजूच्या दोन लांब्यांच्या वर्गांची बेरीज शून्य. म्हणून प्रत्येक लांबी शून्य. तेव्हा त आणि थ याही त्या शून्यस्थानी शून्य होतात. मग व्याख्या उघड आहे: ज्या डाव्या आयडियलमध्ये अशा वेळी त आणि थ आधीपासूनच असतात, ते वास्तव आयडियल. 'प + फ*' यातला तारा लावलेला दुसरा भाग पहिल्या वाचनात खटकतो. पण डावे आयडियल एकाच बाजूचे असते आणि वर्गांची बेरीज दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. दोघांचा मेळ घालायला तो हवाच. ही व्याख्या बेतलेली नाही, ती शून्यस्थानांनी भाग पाडलेली आहे. आमच्या मते निबंधातली सर्वांत चांगली गोष्ट हीच.

आणि पूल उभा राहतो: मोजक्या बहुपदींपासून बनलेले डावे आयडियल वास्तव असेल, तर त्याच्या सर्व शून्यस्थानांवर शून्य होणारी प्रत्येक बहुपदी त्यात असते, सान्त आकाराच्या मॅट्रिक्स पुरतात. शिवाय दिलेल्या मोजक्या बहुपदींवरून त्यांना सामावणारे सर्वांत लहान वास्तव आयडियल काढण्याची रीत दिली आहे, आणि ती मोजक्या पायऱ्यांत संपते हे सिद्ध केले आहे. 'असते' असे सांगून हात झटकणाऱ्या प्रमेयांच्या गर्दीत हे विशेष म्हणावे लागेल. ही रीत पुढे संगणकावरही चालवली गेली. वर्गांची बेरीज संगणकाने दशांशांत शोधायची आणि आपण ती नेमक्या शून्याशी जुळवायची, यात जी कटकट आहे ती मात्र प्रत्यक्ष करणाऱ्यालाच कळते.

क्रमसापेक्ष जग सोपे आहे का?

या शाखेचे उत्साही लोक नेहमी एक वाक्य बोलतात: क्रम सोडला की बीजगणित उलट सोपे होते. त्याचा थोडा समाचार घेणे जरूर आहे. पुरावा म्हणून ते मोट्झकिन यांची १९६७ ची बहुपदी दाखवतात: क्ष⁴य² + क्ष²य⁴ − ३क्ष²य² + १. अंकगणिती मध्य भूमितीय मध्यापेक्षा लहान नसतो, एवढ्यावरून ही कधीच ऋण होत नाही हे आपले विद्यार्थीही सिद्ध करतील. क्ष⁴य², क्ष²य⁴ आणि १ यांचा मध्य घ्यायचा. तरीही ती बहुपदींच्या वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. उलट हेल्टन यांनी २००२ मध्ये 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये दाखवले की क्रमसापेक्ष जगात जी बहुपदी कधीच ऋण होत नाही, ती वर्गांची बेरीज असतेच. केवढे सोपे!

पण 'कधीच ऋण होत नाही' याचा अर्थ दोन्हीकडे एक नाही. मोट्झकिनच्या वेळी आपण संख्या घालून पाहिल्या. हेल्टनच्या वेळी सर्व आकारांच्या सर्व मॅट्रिक्स. मोट्झकिनची बहुपदी क्रमसापेक्ष रूपात कशीही लिहा, कोणत्या तरी मॅट्रिक्सवर ती ऋण बाजूला जातेच. परीक्षा कितीतरी कठीण केली, म्हणून उत्तीर्ण झालेले सगळे हुशार निघाले. यात जग सोपे झाले असे काही नाही. हेल्टन यांना याची जाणीव असावी, कारण त्या निबंधाच्या शीर्षकातच 'पॉझिटिव्ह' या शब्दाला त्यांनी अवतरणचिन्हे लावली आहेत. हा प्रामाणिकपणा आम्हांला फार आवडला.

२०१३ च्या निबंधाच्या शीर्षकात मात्र तशी सावधगिरी दिसत नाही. शीर्षकाचा आशय असा: क्रमसापेक्ष वास्तव शून्यस्थान सिद्धान्त म्हणजेच क्रमसापेक्ष वास्तव आयडियल. 'मोजक्या बहुपदींपासून बनलेले' ही अट सारांशात आणि प्रमेयात आहे, शीर्षकात नाही. नेहमीच्या बीजगणितात ती गाळली तरी चालते, कारण हिल्बर्ट यांनी १८९० मध्येच दाखवले की तेथे प्रत्येक आयडियल मोजक्या बहुपदींपासून बनते. येथे तसे नाही. य, य·क्ष, य·क्ष², य·क्ष³... यांचे डावे आयडियल पाहा. यातली कोणतीही बहुपदी दुसऱ्या कोणत्याही बहुपदीला डावीकडून गुणून मिळत नाही, त्यामुळे एकही वगळता येत नाही. अट लहान दिसते, पण ती फार मोठा प्रदेश बाहेर ठेवते.

आणि बाहेर काय राहते? वरच्या उदाहरणातली ब ही मॅट्रिक्स अ-च्याच ओळींचे स्तंभ करून मिळालेली होती, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. म्हणजे तेथे क्ष·क्ष* − क्ष*·क्ष − १ या बहुपदीचेच सदिश शून्यस्थान आपण काढले होते. आता ही बहुपदी फक्त डावीकडून नव्हे, तर दोन्ही बाजूंनी कशानेही गुणून जे जे मिळते ते सगळे घ्या. हेही एक डावे आयडियल आहे, पण मोजक्या बहुपदींपासून बनलेले नाही. ते वास्तव आहे: पुंजयामिकीतल्या नेहमीच्या असान्त मितीच्या अवकाशात लांबी मोजून ते पडताळता येते. पण त्याचे सान्त शून्यस्थान (अ, व) शोधायला गेलो, तर व पासून अ आणि अ* ने जिथे जिथे पोहोचता येते, त्या सगळ्या अवकाशात अ·अ* − अ*·अ = १ व्हावे लागते; आणि कर्णबेरजेने ते अशक्य ठरते. एकच मार्ग उरतो, व = ०. म्हणजे शून्यस्थाने नावापुरती, त्यांवर १ सुद्धा शून्य होते, पण १ आयडियलमध्ये नाही. वास्तव आयडियल आहे, आणि पूल नाही.

एका दिशेपुरती सूट घेऊन मिळवलेले शून्य, सर्व दिशांची मागणी केल्याबरोबर हातचे गेले. लेखकांना हे ठाऊक आहे. निबंधाच्या पहिल्या भागात ते सांगतात की आयडियलशी निगडित संचांची योग्य संवृती घेण्याची मुभा दिली, म्हणजे त्यांच्या अगदी जवळ जाणाऱ्या बहुपदींनाही आत घेतले, तर उत्तर नेहमी 'होय' येते. नुसत्या बीजगणिताने मात्र 'नाही'. हा 'नाही' निबंधात पुरेशा ठळकपणे, उदाहरणासह पुढे यायला हवा होता. शीर्षक वाचून आलेला वाचक, आणि त्यातही पुंजयामिकीकडून आलेला वाचक, जे शोधत येतो ते अटीच्या पलीकडे राहिले आहे; ती अट कोणत्या उदाहरणाशी येऊन थांबते, हे त्याला स्वतः शोधावे लागते.